मुक्कामाचा दाखला आणि मुक्कामाचे घर

कर्मचाऱ्याने मुख्यालयी राहावे, हा आपल्या प्रशासनातील एक जुना आणि वरवर पाहता निर्विवाद नियम आहे. ज्या गावची सेवा करावयाची त्या गावी वस्ती असावी, यात वावगे ते काय? तथापि एखादा नियम निर्विवाद असूनही वर्षानुवर्षे पाळला जात नाही, आणि तो पाळला जात नाही हे नियम करणाऱ्यास, ज्याने पाळावयाचा त्यास आणि ज्यांच्यासाठी केला त्या ग्रामस्थांस, अशा तिघांसही ठाऊक असते, तेव्हा दोष केवळ माणसांच्या चारित्र्यात शोधून भागत नाही. नियम ज्या जमिनीवर उभा आहे ती जमीनही तपासावी लागते. धाराशिव जिल्ह्यात ही तपासणी विशेष अगत्याची आहे.

ग्रामविकास विभागाने ९ सप्टेंबर २०१९ रोजी काढलेल्या शासन निर्णयात शिक्षक, ग्रामसेवक व आरोग्य कर्मचारी मुख्यालयी राहतात किंवा कसे, यासाठी ग्रामसभेच्या ठरावाचा आधार घेण्यात आला. पुढे २०२२ च्या पावसाळी अधिवेशनात गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी, मुख्यालयी न राहता घरभाडे भत्ता घेतला जातो, हा प्रश्न विधानसभेत लावून धरला. आणि त्याच वर्षी शिक्षक संघटनांनी त्याविरुद्ध औरंगाबादेत मोर्चा काढला. त्या वादात दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलले गेले. एका बाजूने म्हटले, गुरुजी गावात राहत नाहीत म्हणून शाळा ओस पडतात. दुसऱ्या बाजूने म्हटले, गावात राहण्याजोगे घर दाखवा, आम्ही उद्या राहायला येतो. दोन्ही विधाने अर्धसत्य आहेत. वाद सहा महिन्यांत विझला, ठराव मात्र अद्यापि लिहिले जातात आणि संध्याकाळी पाचनंतर तालुक्याच्या गावांकडून सोलापूर, लातूर, बार्शीकडे जाणाऱ्या गाड्या पूर्वीसारख्याच भरलेल्या असतात.

दोन मुक्काम, दोन नाटके

हा प्रश्न आपल्याकडचाच आहे असे मात्र समजू नये. काम एकीकडे आणि परवडणारे घर दुसरीकडे, ही अडचण जगाच्या पाठीवर सर्वत्र आहे, आणि तिच्यावर माणसे जी उत्तरे शोधतात ती कधी कधी फार बोलकी असतात. लंडन शहरात घरभाडी आणि घरांच्या किमती आवाक्याबाहेर गेल्या, तेव्हा अनेक नोकरदारांनी जुन्या कालव्यांतील अरुंद नावांत संसार थाटले. नाव विकत घेणे एक वेळ जमते. परंतु ती कायमची बांधून ठेवण्यास काठावर हक्काची जागा लागते, आणि कामाच्या ठिकाणापासून रोज ये-जा करता येईल अशा अंतरावर तशी जागा मिळणे अतिशय दुर्मीळ व महाग. ज्यांना ती मिळत नाही त्यांच्यासाठी १९९५ च्या ब्रिटिश कालवे कायद्यात एक अट आहे. नाव खऱ्या अर्थाने प्रवासात असली पाहिजे आणि सर्वसाधारणपणे चौदा दिवसांहून अधिक काळ एका जागी थांबता कामा नये. परिणाम असा की, ज्याची नोकरी एका पेठेत आहे आणि ज्याची मुले एकाच शाळेत जातात, तो मनुष्य दर पंधरवड्याला दोर सोडतो, थोड्या अंतरावर नाव नेऊन पुन्हा बांधतो आणि आपण प्रवासी आहोत असे दाखवितो. हा प्रवास खरा कोणता आणि दिखाऊ कोणता, यावर तेथील कालव्यांचा कारभार पाहणारी संस्था आणि नावांत राहणारे लोक यांच्यात वर्षानुवर्षे तंटे चालू आहेत.

आता हे चित्र उलटे करून पाहावे. तेथे ज्याला एका जागी राहावयाचे आहे त्याला कायदा प्रवास दाखवावयास लावतो. येथे ज्याला रोज प्रवास करावा लागतो त्याला नियम मुक्काम दाखवावयास लावतो. तेथे कागदावर प्रवासी आणि प्रत्यक्षात रहिवासी. येथे कागदावर रहिवासी आणि प्रत्यक्षात प्रवासी. दोन्हीकडे मूळ कारण एकच आहे. कामाच्या जवळ राहण्याजोगी जागा नाही, आणि ती निर्माण करण्यापेक्षा ती आहे असे गृहीत धरून नियम करणे अधिक सोपे व स्वस्त आहे. फरक एवढाच की, लंडनच्या नावाड्याला काठावर जागा नसते ती गर्दीमुळे. आपल्या शिक्षकाला गावात घर नसते ते गर्दीच्या अभावामुळे. हा दुसरा प्रकार अर्थशास्त्राच्या दृष्टीने अधिक विचार करावयास लावणारा आहे.

भाड्याचे घर खेड्यात का नसते?

२०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याची लोकसंख्या १६,५७,५७६ असून तीत नागरी लोकसंख्येचे प्रमाण सुमारे १७ टक्के आहे. म्हणजे शंभरातील त्र्याऐंशी माणसे खेड्यात राहतात. अर्थातच शाळा, उपकेंद्रे, तलाठी सज्जे व ग्रामपंचायती यांचा मोठा भाग खेड्यांतच आहे. शिक्षण हक्क कायद्याने, म्हणजे २००९ च्या अधिनियमाने, साठपर्यंत पटसंख्या असलेल्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षकांचे प्रमाण ठरवून दिले. लहान गावात आणि वस्तीवर म्हणूनच दोन शिक्षकी शाळा हा सर्वसाधारण प्रकार आहे.

या गावात भाड्याच्या घराला मागणी किती? फार तर दोन किंवा तीन कुटुंबांची. तीही कायमची नव्हे, बदली होईपर्यंतची. दोन भाडेकरूंसाठी कोणताही शहाणा मनुष्य घर बांधीत नाही. खेड्यातील घर हे मुळातच उपयोगासाठी बांधलेले असते, विनिमयासाठी नव्हे. त्यात माणसे राहतात, धान्य राहते, कडबा राहतो, दावणीला जनावरे असतात. त्यातील एखादी रिकामी खोली भाड्याने मिळालीच, तर तिला स्वतंत्र वाट नसते, संडास नसतो आणि पाणी पहाटे केव्हातरी नळाला येईल तेव्हा भरून ठेवावे लागते. अवर्षणाच्या वर्षी जेथे गावालाच टँकरची वाट पाहावी लागते, तेथे भाडेकरूच्या वाट्याला किती घागरी येणार, हे सांगावयास नको.

यावर पैशाचा उपाय म्हणून घरभाडे भत्ता असतो असे म्हटले जाते. २०१९ साली सातव्या वेतन आयोगाचे दर लागू झाले, तेव्हा या भत्त्याच्या तीन पायऱ्या मूळ वेतनाच्या २४, १६ व ८ टक्के अशा होत्या, आणि महागाई भत्त्याबरोबर त्या वाढण्याची तरतूद होती. हा दर कर्मचारी कोठे राहतो यावर ठरत नसून तो कोठे नेमलेला आहे यावर ठरतो. खेड्यात नेमलेल्या शिक्षकास सर्वांत खालच्या पायरीचा भत्ता मिळतो, मग तो वरच्या पायरीतल्या सोलापुरात का राहत असेना. समजा, त्याचे मूळ वेतन ४५,००० रुपये आहे. ८ टक्के दराने त्याला ३,६०० रुपये मिळतात. तेवढ्यात शहरात बऱ्यापैकी घर मिळत नाही, आणि खेड्यात ते कितीही दिले तरी मिळत नाही. म्हणजे भत्त्याच्या लोभाने शिक्षक शहरात राहतो, हा आरोप हिशेबात टिकत नाही. आणि भत्ता वाढवला की घर उभे राहील, हा समजही टिकत नाही. जेथे पुरवठाच नाही तेथे खिशात पैसा घातल्याने वस्तू निर्माण होत नसते. ती कोणीतरी निर्माण करावी लागते.

याखेरीज एक गोष्ट आहे, जी शासन निर्णयात लिहिलेली नसते आणि मोर्च्याच्या निवेदनातही क्वचितच असते. खेड्यात भाड्याने घर मागावयास गेलेल्या माणसाला पहिला प्रश्न भाड्याचा नसतो, आडनावाचा असतो. आडनावावरून उलगडा झाला नाही तर गाव विचारले जाते, आणि गावावरून झाला नाही तर सरळच विचारले जाते. घर रिकामे आहे, पण देता येत नाही, हे उत्तर घेऊन परतणारे शिक्षक व आरोग्यसेविका आपल्यात आहेत. एकटी राहणारी स्त्री असेल तर संकोच आणखी वाढतो. घरमालकाचा, शेजाऱ्यांचा आणि तिचा स्वतःचाही. ज्या ग्रामसभेने तिच्या मुक्कामाचा ठराव करावयाचा, त्याच गावाने तिला खोली नाकारलेली असते. या विसंगतीकडे डोळेझाक करून मुख्यालयाचा आग्रह धरणे म्हणजे सामाजिक प्रश्नाला हजेरीच्या रजिस्टरात कोंबण्यासारखे आहे.

रस्ता जवळ आणतो की दूर नेतो?

दुसरीकडे गेल्या पंधरा-वीस वर्षांत दळणवळण कितीतरी सुधारले. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी १८९७ साली बार्शीपर्यंत आणि १९११ मध्ये लातूरपर्यंत आली, पण धाराशिव शहराला ती शिवली नाही. येडशी हेच जवळचे ठाणे राहिले. रुंदीकरणानंतर, २००७-०८ मध्ये, लोहमार्ग प्रथमच शहराजवळून गेला. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव या चौपदरी रस्त्याचे राष्ट्रार्पण जानेवारी २०१९ मध्ये झाले. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव नवा लोहमार्गही मंजूर झाला. रस्ते सुधारले की कर्मचारी खेड्यात टिकतील, अशी एक भाबडी समजूत आपल्या नियोजनात फार काळ होती. प्रत्यक्षात घडले ते उलट. रस्ता वाईट असताना ज्याला तालुक्याच्या गावी राहणे भाग होते, तो रस्ता चांगला होताच जिल्ह्याच्या गावी गेला; आणि जिल्ह्याच्या गावी राहणारा सोलापूर-लातूरला गेला.

यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. विल्यम अलोन्सो या अर्थशास्त्रज्ञाने १९६४ साली शहरांतील जमिनीच्या वापराविषयी जे विवेचन केले, त्याचे सूत्र असे की, कुटुंब घराची निवड करताना घराचा खर्च व प्रवासाचा खर्च यांची एकत्र तोलणी करीत असते. प्रवास स्वस्त आणि वेगवान झाला की राहण्याचे अंतर वाढते. अलोन्सोच्या शहरात नोकरी मध्यभागी होती आणि माणूस बाहेरच्या बाजूला राहावयास जात होता. आपल्याकडे नोकरी खेड्यात आहे आणि माणूस शहराकडे सरकतो. कारण त्याच्या तोलणीत घराबरोबर मुलांची शाळा, शिकवणी, दवाखाना, पत्नीची नोकरी आणि पाण्याचा नळ हेही असतात. लातूरच्या शिकवण्यांची ख्याती राज्यभर झाल्यानंतर लातूरला राहण्याचे आकर्षण भत्त्याच्या कोणत्याही आकड्याने मोडणारे राहिले नाही.

शिवाय आपले शासन प्रवासाला सढळ हाताने मदत करते आणि निवासाला आखडत्या. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्ध्या तिकिटाची सवलत मिळाली. विद्यार्थिनींसाठी मोफत पास व मानव विकास योजनेच्या बसगाड्या आल्या. या सवलती योग्यच आहेत, आणि अनेक मुलींचे शिक्षण त्यांनी तगवून धरले आहे. परंतु एका हाताने प्रवास स्वस्त करावयाचा, रस्ता रुंद करावयाचा आणि दुसऱ्या हाताने, तुम्ही प्रवास का करता, असा खुलासा मागावयाचा, हे धोरण म्हणता येत नाही. २०२१-२२ च्या दीर्घ एस.टी. संपाने या व्यवस्थेचा ठिसूळपणा उघडा केला. ज्यांच्याकडे स्वतःचे वाहन नव्हते त्यांना चौघांत मिळून गाडी करणे किंवा दुचाकीवर महामार्ग कापणे, एवढेच पर्याय उरले.

नुकसान कोणाचे?

असो. कर्मचाऱ्याची बाजू मांडली म्हणजे ग्रामस्थांची तक्रार खोटी ठरते असे नव्हे. त्यांची तक्रार खरी आहे आणि तिचे माप काढता येते. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस व ८०० तास अध्यापन ठरवून दिले आहे. साठ किलोमीटर अंतरावर राहणारा शिक्षक घरातून निघाल्यापासून परत पोहोचेपर्यंत रोज तीन तास वाटेत घालवितो असे धरू. गाडी बदलणे, फाट्यावर थांबणे, फाट्यापासून गावापर्यंतची दुचाकी हे सर्व मोजले तर हा अंदाज अवास्तव नाही. दोनशे दिवसांचे सहाशे तास होतात. म्हणजे मुलांना तो जितके तास शिकवितो त्याच्या तीन चतुर्थांश तास तो केवळ रस्त्यावर असतो. आणि चोवीस हजार किलोमीटर अंतर कापतो. या सहाशे तासांत वह्या तपासल्या जात नाहीत, उद्याच्या पाठाची तयारी होत नाही, मागे पडलेल्या मुलाला जवळ घेऊन बाराखडी घोटविली जात नाही. शाळा सुटल्याच्या घंटेबरोबर गुरुजींचेही लक्ष घड्याळाकडे असते, कारण पुढची गाडी चुकली तर दिवेलागणीपर्यंत दुसरी नसते.

दोन शिक्षकी शाळेचे दोन्ही शिक्षक एकाच गाडीने येत असतील तर स्थिती आणखी नाजूक होते. तुळजापूरच्या घाटात एका चाकातील हवा गेली की एक संबंध शाळा बंद राहते. त्या मुलांच्या पालकांजवळ पर्याय नसतो. ज्यांच्याजवळ होता त्यांनी मुलाला तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या गाडीत केव्हाच बसविले आहे. म्हणून या प्रश्नाचा भार शेवटी पडतो तो कोरडवाहू शेतकऱ्याच्या, शेतमजुराच्या आणि ऊसतोड कामगाराच्या मुलावर.

ऊसतोड कामगाराचा येथे केलेला उल्लेख केवळ ओघातला नाही. कामाच्या जागी राहण्याचा नियम या जिल्ह्यात कोणी काटेकोरपणे पाळीत असेल तर तो तोच पाळतो. दिवाळीच्या सुमारास तो बिऱ्हाड गाडीत घालून पश्चिम महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील कारखान्याच्या परिसरात जातो, उसाच्या फडाशेजारी पाचटाची कोपी घालतो आणि हंगाम संपेपर्यंत तेथेच राहतो. त्याच्या मुक्कामाचा दाखला कोणी मागत नाही. त्याचे मोल मात्र त्याचे मूल शाळा बुडवून देते. कामाजवळ राहणे ही स्वयमेव चांगली गोष्ट नाही. कशा घरात राहावयाचे आणि कोणत्या किमतीवर, हे प्रश्न तिला जोडूनच आहेत, याची आठवण ही कोपी करून देते. आणि कामाचे अंतर ही मोजण्याजोगी, भरपाई करण्याजोगी बाब आहे, हे आपल्या कायद्याने पूर्वीच मान्य केलेले आहे. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याने मजुराला गावापासून पाच किलोमीटरांच्या आत काम द्यावे, आणि त्याबाहेर दिल्यास दहा टक्के अधिक मजुरी द्यावी, अशी तरतूद केली होती. अंतराचा हा सरळ, प्रामाणिक हिशेब नोकरदाराच्या बाबतीत मात्र कोणी मांडला नाही. त्याच्या बाबतीत अंतर नाहीच, असे मानण्याचे ठरले.

पूर्वीचे गुरुजी

पूर्वीचे गुरुजी गावातच राहत, हे नेहमी सांगितले जाते आणि ते खरे आहे. ते रात्री पत्रे वाचून दाखवीत, अर्ज लिहून देत, पारावर वर्तमानपत्र वाचीत. परंतु त्या काळाचे गोडवे गाताना त्यामागची परिस्थिती विसरून चालणार नाही. रस्ता नव्हता, गाडी नव्हती. गुरुजींच्या पत्नी बहुधा नोकरी करीत नसत. गुरुजींची मुले गुरुजींच्याच शाळेत शिकत. आज पती एका तालुक्यात व पत्नी दुसऱ्या तालुक्यात नोकरीस असते, आणि दोघांच्या मुख्यालयांचे पालन करावयाचे तर एका कुटुंबाची दोन बिऱ्हाडे करावी लागतात. तिसरा भाग अधिक बोचरा आहे. गुरुजींचे मूल आज गुरुजींच्या शाळेत नाही. सुस्थितीतील ग्रामस्थांचेही नाही. त्यांनीही मुलांच्या शिक्षणासाठी लातूर, सोलापूर, बार्शीला घरे केली आहेत. गावाने शिक्षकाला, तुम्ही गावात का राहत नाही, असे विचारताना स्वतःलाही तो प्रश्न विचारावा लागेल.

तेव्हा ग्रामसभेच्या ठरावाने काय साधते? शिक्षक राहत नसताना तो राहतो असा ठराव झाला, तर सरपंच, सदस्य आणि शिक्षक हे तिघेही एका असत्याचे भागीदार होतात. ठराव अडवून धरला, तर तो शिक्षकाला वाकविण्याचे साधन होते. मग निवडणुकीत कोणाकडे कल होता, पोषण आहाराच्या धान्याबद्दल कोणी प्रश्न विचारला, असे जुने हिशेब त्यात चुकते होतात. जो मुलांना खरे बोलावयास शिकवितो, त्याच्या नोकरीचा एक कागद दरवर्षी खोट्यावर उभा करावयाचा, ही या व्यवस्थेची सर्वांत मोठी किंमत आहे. आणि ती कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

करण्याजोगे काय आहे?

टीका पुष्कळ झाली, आता उपाय. पहिला उपाय फुकटचा आहे. मुख्यालय म्हणजे ते एकच गाव, ही व्याख्या सोडावी आणि त्याऐवजी वाजवी अंतर ठरवावे. किलोमीटरांत नव्हे, वेळेत. शाळेपासून सार्वजनिक वाहनाने किंवा दुचाकीने पाऊण तासाच्या आत राहणारा कर्मचारी मुख्यालयी आहे असे धरावे. ही अट पाळणे शक्य आहे, म्हणून ती कठोरपणे तपासणेही शक्य होईल. अशक्य नियम सर्वांनाच मोडावा लागतो आणि त्यामुळे खरा कामचुकार मनुष्य प्रामाणिकांच्या गर्दीत सुखाने लपतो.

दुसरा उपाय घरांचा. प्रत्येक गावी दोन खोल्या बांधणे व्यवहार्य नाही. त्या पडीक राहतील, जशा कित्येक जुन्या वसाहती राहिल्या. परंतु दहा-पंधरा गावांच्या मध्यावर असलेली, बाजार, दवाखाना व माध्यमिक शाळा असलेली मोठी गावे या जिल्ह्यात ठिकठिकाणी आहेत. नळदुर्ग, मुरूम, ढोकी, तेर, येडशी, येरमाळा, शिराढोण, ईट, आनाळा, सास्तूर, जेवळी, तामलवाडी, ही त्यांतील काही. अशा गावी जिल्हा परिषदेने वीस-पंचवीस कुटुंबांची निवासस्थाने बांधावी. पाण्याची स्वतंत्र सोय, संडास, कुंपण आणि एकट्या राहणाऱ्या महिला कर्मचाऱ्यांसाठी वेगळा भाग यांसह. घर जिल्हा परिषदेचे असल्याने आडनाव विचारण्याचा प्रश्न उरणार नाही. एका गावातील दोन कुटुंबांच्या मागणीवर घर उभे राहत नव्हते. पंधरा गावांची मागणी एकत्र केली की उभे राहते.

पैसा कोठून येईल? शासकीय निवासस्थान मिळालेल्या कर्मचाऱ्याचा घरभाडे भत्ता थांबतो. वर घेतलेल्या ३,६०० रुपयांच्याच हिशेबाने दहा कर्मचाऱ्यांचा वर्षाचा भत्ता ४,३२,००० रुपये होतो आणि पंधरा वर्षांत तो ६४,८०,००० रुपये होतो. आज हा पैसा दरवर्षी खर्च होतो आणि मागे एकही वीट राहत नाही. भत्त्याच्या या प्रवाहावर कर्ज उभारून घरे बांधणे, हे सहकारी साखर कारखान्यांच्या महाराष्ट्रात कोणाला अनोळखी वाटू नये. किर्लोस्करवाडी १९१० मध्ये वसली तेव्हा लक्ष्मणरावांनी माळरानावर आधी यंत्रे आणून मग कामगारांनी कोठे राहावे याचा खुलासा मागविला नव्हता. कारखान्याबरोबर वस्ती उभी केली होती. आणि शासनालाही हे अशक्य नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर व या जिल्ह्यातील बावन्न गावे नव्या जागी वसविली गेली. ज्या उमरगा-लोहारा भागात हे घडले तेथील लोकांना, शासन घर बांधू शकत नाही, असे सांगून पटणार नाही.

तिसरा उपाय बदल्यांचा आणि वेळापत्रकाचा. २०१७ पासून शिक्षकांच्या बदल्या संगणकीय पद्धतीने, सर्वसाधारण व अवघड क्षेत्र अशी विभागणी करून करण्याचे धोरण आले. त्यातील पती-पत्नी एकत्रीकरणाचा निकष एकाच निवासस्थानावरून दोघांना पोहोचता येईल अशा रीतीने लावला, तर अर्धी तक्रार आपोआप मिटेल. एकाच शाळेचे दोन्ही शिक्षक एकाच लांबच्या शहरात राहणार नाहीत, निदान एकजण तरी जवळच्या वसाहतीत असेल, एवढे बंधन घालता येईल. आणि एस.टी.च्या सकाळ-संध्याकाळच्या फेऱ्या शाळेच्या घंटेशी जुळविणे, हे तर केवळ दोन कार्यालयांनी एकमेकांशी बोलण्याचे काम आहे.

मराठवाड्याच्या अनुशेषाची चर्चा प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीच्या १९८४ च्या अहवालापासून चालू आहे. रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने यांचे आकडे तेव्हापासून मोजले गेले. २०१८ मध्ये केंद्राने आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली तेव्हा तीतही महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांत हा जिल्हा होता. इमारती वाढल्या, पदे मंजूर झाली. परंतु शाळा म्हणजे इमारत आणि मंजूर पद नव्हे. शाळा म्हणजे सकाळी वेळेवर उघडणारे दार आणि ते उघडणारा, न दमलेला मनुष्य. तो मनुष्य रात्री कोठे झोपतो, याचा अनुशेष कोणी मोजला नाही. ग्रामसभेच्या ठरावांची फाइल जाड होत गेल्याने तो भरून निघणार नाही. तो भरावयाचा तर ठरावाचा कागद बाजूला ठेवून, ढोकीला किंवा नळदुर्गला, पहिल्या घराच्या पायाची आखणी करावी लागेल.